वडाळ्याची हिरवी मुनिया

वडाळ्याच्या मिठागरापलीकडच्या गवतात तीन हिरव्या मुनिया दिसल्या, तेव्हा उर्मिलाने दुर्बीण पुसून पुन्हा डोळ्यांना लावली. लाल मुनियेचीच ही जवळची नातलग, पण हिचा मुलूख अबूकडचा आणि मध्य भारतातला. उर्मिला काम करायची त्या पक्षिसंस्थेच्या संग्रहात मुंबईची एकही नव्हती. नोंद छापली गेली असती तर नकाशात एक ठिपका वाढला असता, आणि त्याखाली तिचं नाव आलं असतं.

"नुसतं पाहिलेलं पुराव्यात धरत नाहीत, उर्मिलाबाई," संस्थेतले कमलाकांत सर म्हणाले. "उद्या कोणी म्हणेल, बाईंच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. संग्रहात ठेवायला कातडं आणा."

तिने गवतात जाळी लावली. अडकलेल्या मुनियेची छाती रीतीप्रमाणे दोन बोटांत दाबून धरली. धडधड लवकरच थांबली.

संस्थेत कातडं सोलायला घेतलं तेव्हा तिला नखं दिसली. लांब, आत वळलेली. शेपटीची टोकं तारेला घासून झिजलेली. पक्षी पिंजऱ्यातला होता, कोणीतरी सोडलेला.

"म्हणजे हिचा प्रदेश बाजार," सर म्हणाले. नोंद तिथेच संपली.

संध्याकाळी ती गिरगावात चाळीचा जिना चढली, तेव्हा शेजारच्या आनंदीबाई गॅलरीत तांदूळ निवडत होत्या. त्यांचा मुलगा हेरंब जानेवारीत मोर्चावर झालेल्या गोळीबारात गेला होता.

"उर्मिला, तू पाखरं बघायला वडाळ्याला जातेस म्हणे?"

"जाते, काकू."

"दहाव्याला बाणगंगेवर पिंडाला कावळा शिवेना गं. भटजी दर्भाचा कावळा करायला निघाले. मग मला आठवलं. बाजारात पिंजऱ्यातली पाखरं दिसली की हेरंब अडून बसायचा, सोडव म्हणून. घोडा झाला तरी तेच. 'सोडीन रे बाबा' म्हटलं, आणि शिवला. मग बाजारातून पाखरं आणली. हिरवी होती, एवढुशी. तिकडच्या गवतात सोडली. जगली असतील का?"

उर्मिलाने उजवा हात पदराआड घेतला.

"परवा दोन दिसल्या, काकू."

"मी तीन सोडलेल्या."

उर्मिलाने डाव्या हाताने तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"तिसरी भित्री होती," आनंदीबाईच म्हणाल्या. "दार उघडलं तरी बाहेर येईना. बसली असेल कुठे लपून. पुढच्या खेपेला बघशील?"

"बघेन," उर्मिला म्हणाली.