कण्हेरीचा उतारा

रविवारी दुपारी संघमित्रानं वडिलांना जवळजवळ ओढतच मुलुंडच्या प्रदर्शनाला नेलं. पवईच्या इंजिनिअरिंग कॉलेजात चौतीस वर्षं माळीकाम करून भाऊराव गेल्या वर्षी निवृत्त झाले होते, आणि तेव्हापासून नाहूरच्या त्या दोन खोल्यांत त्यांचा पाय ठरत नव्हता. बाल्कनीतल्या कुंड्या ते दिवसातून चारदा हलवायचे.

"प्लिनी नावाचा रोमन पंडित होता, बाबा. दोन हजार वर्षांपूर्वीचा," तिनं रिक्षात सांगितलं. "झाडं, प्राणी, दगड, तारे, सगळ्यावर लिहून ठेवलंय त्यानं. बघा तरी."

हॉलमध्ये अंधार केला होता. एका भिंतीवर ज्वालामुखी धुमसत होता, आणि त्याच्या धुराकडे निघालेली प्लिनीची जहाजं दिसत होती. तिथंच तो मेला, असं हेडफोनमधली बाई सांगत होती. हा माणूस जेवतानासुद्धा कुणाकडून तरी पुस्तक वाचून घ्यायचा, एक क्षण वाया जाऊ द्यायचा नाही, हे ऐकून भाऊरावांना तो आवडला. "ह्यालाही एका जागी बसवत नसणार," ते म्हणाले.

मग ते झाडांच्या विभागात आले. तिथं मोठे पडदे होते. फुलावर बोट ठेवलं की फूल उमलायचं आणि आवाज बोलायला लागायचा. दोन शाळकरी मुलींनी एका गुलाबी फुलावर बोट ठेवलं.

"कण्हेर," आवाज म्हणाला. "प्लिनी सांगतो, हिची पानं जनावरांना विषासारखी, पण माणसासाठी सापाच्या विषावर उतारा."

"ए, ही तर आपल्या सोसायटीत आहे!" एक मुलगी म्हणाली. "साप चावला तर टेन्शनच नाही!"

दोघी हसत पुढे गेल्या. भाऊरावांनी स्वतः बोट ठेवून ते पुन्हा ऐकलं, आणि मग तिसऱ्यांदा.

"हे खोटं आहे," ते मोठ्यानं म्हणाले. "कण्हेर म्हणजे जहर आहे. पान, मूळ, फूल, सगळं."

"त्या काळात असं मानत असतील, बाबा."

"मग तसं सांगा ना पुढं! त्या पोरी काय ऐकून गेल्या?"

दाराजवळच्या स्वयंसेवकानं अभिप्रायाची वही पुढे केली. भाऊरावांनी चार ओळी लिहिल्या. वहीत त्यांच्या ओळींच्या वर 'झकास', 'मस्त' एवढंच होतं.

सोमवारी संघमित्रा ऑफिसला गेल्याबरोबर ते मुलुंडला चालत निघाले. हॉल बंद होता. बाहेर पाटी होती, सोमवारी सुट्टी. तरी ते तासभर फाटकाशी उभे राहिले. परतताना रस्त्याच्या दुभाजकातली कण्हेर त्यांना दिसत राहिली, गुलाबी, पांढरी, कुठं कुठं पिवळी. इतकी वर्षं हीच झाडं त्यांनी हातमोजे घालून छाटली होती आणि नव्या माळ्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. आता त्यांना प्रत्येक झाडाजवळ एखादं पोर उभं असल्यासारखं वाटत होतं.

मंगळवारी हॉल उघडायच्या आधीच ते दारात हजर होते. प्रदर्शनाचा मराठी मजकूर लिहिणारी गंधाली तिशीची असेल, गळ्यात ओळखपत्र, हातात दोन फोन. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, प्लिनीनं जे लिहिलं तेच आम्ही दिलंय. ते मी बदलू शकत नाही."

"बदलू नका. शेजारी लिहा, की हे विष आहे."

"ते सगळं सॉफ्टवेअरमध्ये आहे. आयोजकांची परवानगी लागते, नवीन आवाज रेकॉर्ड करावा लागतो. आठ-दहा दिवस जातील."

"आणि आठ दिवसांत किती शाळा येणार?"

गंधालीचा फोन वाजला आणि ती गेली.

बुधवारी भाऊरावांनी पुठ्ठ्यावर लाल शाईनं 'कण्हेर विषारी आहे. तोंडात घालू नये' असं लिहून आणलं आणि पडद्याखाली चिकटपट्टीनं लावलं. अर्ध्या तासात सिक्युरिटीवाल्यानं ते काढलं. मग ते स्वतःच तिथं उभे राहिले. शाळेची रांग आली की प्रत्येक मुलाला सांगायचे, "ऐकलंस ते खरं नाही, बाळा. हिचं पान कधी चावायचं नाही." काही मुलं घाबरली. एका शिक्षिकेनं तक्रार केली. सिक्युरिटीवाल्यानं त्यांचा दंड धरला तेव्हा ते ओरडले, "सोड! मी इथून हलणार नाही!"

सगळा हॉल वळून बघायला लागला. गंधाली धावत आली. तिनं त्यांना आतल्या खोलीत नेलं, पाणी दिलं. त्यांना खुर्चीवर बसवेना. ते भिंतीला टेकून उभे राहिले.

"काका, एवढं काय आहे ह्यात? मला सांगा."

भाऊरावांनी हातातला ग्लास खाली ठेवला.

"माझी बहीण होती. द्रौपदी. बारा वर्षांची. मेहकरकडचं आमचं गाव. शेतात तिला साप चावला. धामण होती. तिला विषच नसतं, हे मला पुढं कळलं. पण घरात रडारड झाली. गावातला एक म्हातारा म्हणाला, कण्हेरीचा पाला आणा, वाटून पाजू, उतरेल. मी नऊ वर्षांचा. पळायला चपळ. मीच आणला. ओंजळभर. म्हातारा म्हणाला, शाब्बास."

गंधालीनं वाजणारा फोन कट केला.

"सापानं काहीच झालं नसतं तिला," भाऊराव म्हणाले. "दोन हजार वर्षांपूर्वी कुणी तरी सांगितलं, ह्या तुमच्या माणसानं लिहिलं. आमच्या म्हाताऱ्याला तर लिहिता-वाचताही येत नव्हतं. त्याचाही इलाज तोच. सांगणारे मरून जातात, पण सांगितलेलं मरत नाही."

गंधाली उठली. बाहेर जाऊन तिनं त्या पडद्याचं बटण बंद केलं आणि त्यावर कागद लावला, 'दुरुस्तीसाठी बंद'. मग आयोजकांना फोन लावला. खोलीच्या काचेतून भाऊरावांना तिचा आवाज नीट ऐकू येत नव्हता, पण ती हात उडवत, फेऱ्या मारत भांडत होती एवढं दिसलं. परत आली तेव्हा तिचा चेहरा लाल होता.

"मला झापलं. पण शुक्रवारपर्यंत रेकॉर्डिंग करा म्हणाले. मजकूर तुम्ही तपासून द्याल?"

"देतो."

"आणि बाकीची औषधी झाडं पण? मी मजकूर नुसता उतरवत गेले, काका. कोणती घातक आहेत ते मला खरंच माहीत नाही."

संध्याकाळी पाचपर्यंत दोघं यादी तपासत होते. भाऊरावांनी आणखी चार ठिकाणी खूण केली.

त्या दिवशी संघमित्रा ऑफिसातून आली तेव्हा ते जिन्यातच तिची वाट बघत होते. तिथंच, पायरीवर उभ्या-उभ्या, त्यांनी तिला सगळं सांगितलं. आपल्याला एक आत्या होती हे तिला बत्तीस वर्षांत पहिल्यांदा कळत होतं.

"आईला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"नाही."

"कुणालाच सांगितलं नाही तुम्ही? एवढी वर्षं?" तिचा आवाज चढला, मग फुटला. "तुम्ही नऊ वर्षांचे होता हो बाबा!"

वरच्या मजल्यावरून कुणी तरी उतरत होतं. दोघं भिंतीशी सरकले. तो माणूस गेल्यावर संघमित्रानं डोळे पुसले आणि विचारलं, "कशी दिसायची?"

"चेहरा नाही गं आठवत," ते म्हणाले. "फोटो नव्हता. हाक आठवते. लांबून मारायची, बांधावरून."

"काय म्हणायची?"

भाऊरावांनी तोंड उघडलं, पण त्यांना ती हाक काढता येईना. त्यांनी मान हलवली, आणि कठडा धरून ते पायरीवर बसले. संघमित्राही त्यांच्या शेजारी बसली.