भिंतीला पाठ लावलेली गाडी

कारखाना बंद पडल्यापासून भाचा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. शेवटी ताईनं, त्याच्या आईनं, त्याला मावशीकडे धाडलं. "तुझं ऐकेल," म्हणाली. मावशी गणिताची शिक्षिका, आता निवृत्त. भल्याभल्या पोरांना तिनं वठणीवर आणलेलं. पण हा हूं की चूं करीना. मग एका सकाळी तो तिच्या जुन्या गाडीमागं उकिडवा बसलेला दिसला.

"मावशी, मागचा बंपर अगदीच बोडका दिसतो. डिफ्युझर बसवू?"

"ते काय असतं बाबा?"

"शर्यतीच्या गाड्यांना मागं खाली असतं ना, काळं, उभ्या पात्यांचं. आपल्याला नुसतं शोभेला."

मावशीची गाडी जायची बाजारात आणि वाचनालयात. तिला कसली शोभा? पण इतक्या दिवसांत पोरानं पहिल्यांदा काही मागितलं होतं. ती हो म्हणाली.

काम अंगणातच मांडलं. त्यानं बंपरची खालची कड धुतली, स्पिरिटनं पुसली, कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर मध्य आखला. मावशीनं टेप घेऊन दोन्ही बाजू आणि जमिनीपासूनची उंची पुन्हा मोजली. सवय जाते कुठं. "बरोबर आहे," ती म्हणाली आणि तो चक्क हसला. चिकटपट्टी घट्ट बसावी म्हणून तिच्या केसांच्या ड्रायरनं त्यानं बंपर गरम केला, डिफ्युझर दाबून बसवला आणि गाडीखाली आडवा होऊन स्क्रू आवळले. त्या दिवशी तो मागून घेऊन जेवला.

तो घरी परतला आणि मावशीची पंचाईत सुरू झाली. वाचनालयाच्या आवारात तिच्या जुन्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंनी गाडीभोवती सावकाश फेरी मारली.

"काय हो बाई, उतारवयात गाडीला शेपूट फुटलं? शर्यत कधी आहे?"

भाच्यानं बसवलंय, एवढंच तर सांगायचं होतं. ते ओठांवर आलं आणि तिथंच अडलं.

"दुरुस्तीवाल्यानं काहीतरी लावून ठेवलंय मेल्यानं," ती म्हणाली.

रिव्हर्सची तिला पहिल्यापासून धास्ती. जन्मात कधी तिनं गाडी उलटी लावली नव्हती. आता मान मोडेस्तोवर वळवून ती गाडी मागं घेऊ लागली, थेट भिंतीला पाठ लावून उभी करू लागली. एकदा भिंतीच्या पायथ्याचा चौथरा लागला. कडकन आवाज आला. ती उतरून बघायलाही गेली नाही.

आणि एका दुपारी भाचा वाचनालयातच हजर. दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट.

"मावशी, गाडी दे ना तासाभरासाठी. एका गॅरेजात काम मिळतंय. मालकाला डिफ्युझरचा फोटो दाखवला तर म्हणतो, फोटो कुणीही दाखवेल, गाडी आण."

बाहेर येऊन त्यानं गाडी बघितली. "अरे वा, रिव्हर्स जमायला लागलं तुला?"

"जमेल नाही तर काय," मागून आलेल्या भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "त्या दुरुस्तीवाल्याचं शेपूट झाकायचंय ना."

भिंत आणि गाडीच्या फटीत शिरून भाचा वाकला. मधली पाती तुटून लोंबत होती. तिच्यावरून त्यानं बोट फिरवलं.

"फार खाली आलं गं. माप चुकलं माझं." तो उठला आणि तळव्यांची धूळ झटकू लागला. "राहू दे. नाही जात. आपल्याला नाही जमत हे."

मावशीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. गप्प राहिली असती तर खपूनही गेलं असतं. पोरगा मात्र पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला असता.

"माप चुकलं नव्हतं," ती म्हणाली. "मी मोजलं होतं. हे मी मोडलंय, लपवता लपवता." मग भूगोलाच्या बाईंकडे न बघता, "दुरुस्तीवाला-बिरुस्तीवाला कुणी नाही. हा माझा भाचा. यानं बसवलंय."

भूगोलाच्या बाईंनी उगाच पर्स उघडून बंद केली.

"बस गाडीत. कुणी मोडलं ते मालकाला मीच सांगते."

वाटेत तो म्हणाला, "तुला ते कधी आवडलंच नव्हतं ना?"

आणखी एक खोटं सहज बोलता आलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "पण काम चोख होतं रे."