गळ्यातला बुद्ध

डब्याशेजारी ठेवलेला काटा पाहिला आणि नेरिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दहनगृहाच्या बैठकीच्या खोलीत सगळे नातेवाईक गुडघे मोडून बसले होते. भिंतीपलीकडे भट्टीत तिचा नवरा काझुओमी जळत होता. अस्थी निघेपर्यंत मंडळींनी जेवून घ्यायचं, ही रीतच आहे. प्रत्येकापुढे काळा लाकडी डबा होता, त्यात भात, उकडलेला कमळकांदा, तोफू. आणि प्रत्येक डब्याशेजारी कागदात गुंडाळलेल्या जेवायच्या काड्या. एकट्या नेरिसपुढे चकचकीत काटा! तोही इथला नव्हे, घरातला. म्हणजे सकाळी, प्रेत उचलायच्या गडबडीतसुद्धा, कुणीतरी तो आठवणीनं पिशवीत टाकला होता.

कुणीतरी म्हणजे दुसरं कोण? तोकिको. काझुओमीची थोरली बहीण.

"अगं, आज तुझे हात कापत असतील," तोकिको अगदी मायेनं म्हणाली. "म्हटलं, तेवढंच सोपं पडेल."

"माझे हात कापत नाहीयेत, वन्सं."

"बरं बरं. राहू दे जवळ. असावा आपला."

हे 'असावा आपला' नेरिसनं सव्वीस वर्षं गिळलं होतं. वेल्समधून ती या समुद्रकाठच्या गावात आली ती काझुओमीचा हात धरून. त्याचं गवती चटया विणायचं पिढीजात दुकान. वर्षभरात ती चटयांच्या कडा शिवायला शिकली, बोटांना घट्टे पडले, गावच्या बोलीत शिव्यासुद्धा देता यायला लागल्या. तरी गिऱ्हाईक दारात आलं, हिनं विचारलं, "केवढी खोली आहे तुमची?", की ते हिच्या खांद्यावरून आत डोकवायचं आणि विचारायचं, "मालक नाहीत का?" आणि त्याच गिऱ्हाइकानं हिला जेवताना पाहिलं, की लगेच, "अगंबाई, काड्या किती छान धरता हो तुम्ही!"

रांगणारं मूल पहिल्यांदा उभं राहिलं की त्याचं कौतुक करावं, ते शोभतं. पण सव्वीस वर्षं चालणाऱ्या बाईला कुणी रोज 'वा, काय छान चालता' म्हणायला लागलं, तर ती शिवी होते. गोड तोंडानं दिलेली, म्हणून उलट उत्तरही देता येत नाही. काझुओमीचे साकुतारो काका तर दर नव्या वर्षाला घरी यायचे आणि तिनं पहिला घास उचलला रे उचलला की ठणाणा करायचे, "वा! काड्या काय सुरेख धरते ही!" नव्वदीला टेकले होते, कानांनी ठार बहिरे. त्यांना काय म्हणणार कपाळ?

काझुओमीनं मात्र यावर आपला इलाज काढला होता. खानावळीत हिच्यापुढे काटा आला, की तो गुपचूप स्वतःकडे ओढायचा, काड्या हिला द्यायचा, आणि काट्यानं भुरके मारत शेवया खायचा. वाढणारी पोरगी कावरीबावरी झाली की म्हणायचा, "आमच्या घरात परदेशी मी आहे." रोज हसवायचा मेला. आता कोण ओढणार हा काटा?

नेरिसनं डब्याला हात लावला नाही.

तिला भोपळ्याची ती फोड आठवली. लग्नाला आठवडासुद्धा झाला नव्हता. सगळे जेवायला बसलेले. काझुओमीनं आपल्या काड्यांत भोपळ्याची फोड धरून तिच्यापुढे केली, आणि तिनं ती आपल्या काड्यांनी अलगद टिपली. सासूबाईंच्या हातातली वाटी निसटली. तोकिकोनं फाडकन तिच्या हातावर मारलं.

"अगं, माणसाची अस्थी तेवढी अशी काड्यांतून काड्यांत घेतात! जिवंत नवऱ्याकडून घेतेस? काही वाटतं का?"

तिला कसं ठाऊक असणार? कुणी सांगितलं होतं? नेरिस मोरीत जाऊन रडली. काझुओमी मागोमाग आला, दाराला टेकून उभा राहिला. "एवढी हौस आहे ना, मग मी गेलो की मलाच उचल," तो म्हणाला. "गळ्यातला बुद्ध तूच ठेव. ताईकडे देऊ नकोस. तिनं आजवर किती कप फोडलेत, ठाऊक आहे ना?"

गळ्यातला बुद्ध म्हणजे मानेतलं एक हाड. मांडी घालून बसलेल्या मूर्तीसारखं दिसतं. सगळ्या अस्थी भरून झाल्या की शेवटी ते कलशात ठेवायचं, आणि ठेवायचं ते सगळ्यांत जवळच्या माणसानं. काझुओमी पुढेही अधूनमधून चेष्टेत म्हणायचा, "विसरू नकोस हं." दवाखान्यात गेल्या महिन्यात म्हणाला तेव्हा मात्र चेष्टा नव्हती. तिनं त्याचा हात हातात घेऊन हो म्हटलं होतं.

दार सरकलं. पांढरे हातमोजे घातलेला माणूस वाकून म्हणाला, "चला मंडळी, तयारी झाली आहे."

सगळे उठले. तोकिकोनं नेरिसच्या पाठीवर हात ठेवला. "तू काकांपाशी बस हं. त्यांना एकटं कसं सोडायचं? आत आम्ही बघतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी आहे, मित्सुहारु आहे. गळ्यातला बुद्ध मित्सुहारु ठेवेल. धाकटा का होईना, पाठचा भाऊ आहे त्याचा." मग आवाज आणखी खाली आणून ती म्हणाली, "तुमच्याकडे माणसाला पुरतात ना गं? तुला बघवायचं नाही ते. आणि हातून खाली पडलं म्हणजे? त्याच्या जिवाला शांती नको का?"

तिच्या डोळ्यांत कपट नव्हतं हो! नेरिसनं शोधलं, पण नव्हतं. ते असतं तर बरं झालं असतं, एक थोबाडीत देता आली असती. तोकिकोला खरंच वाटत होतं की ती या बाईवर दया करते आहे. सव्वीस वर्षं हे सगळे हिच्यावर दयाच करत आले होते. नवऱ्याच्या आजारपणात उष्टी काढताना, त्याला कुशीवर वळवताना, त्याची घाण काढताना मात्र कुणी म्हणालं नाही, की तुला जमायचं नाही, तू बस.

नेरिसनं काटा उचलला आणि तोकिकोच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटली.

"हा ठेवा तुमच्याकडे," ती म्हणाली. "असावा आपला."

मग तिनं साकुतारो काकांच्या काखेत हात घातला. "उठा काका. तुमच्या पुतण्याकडे जायचंय."

आत उघड्या पत्र्यावर पांढऱ्या अस्थी पसरल्या होत्या, अजून धग येत होती. हा एवढाच उरला? हातमोजेवाला एकेकाच्या हातात काड्या देत होता, एक बांबूची, एक लाकडाची. मित्सुहारुनं त्या घेतल्या होत्या आणि तो खाली मान घालून उभा होता.

"भावोजी, द्या इकडे."

"वहिनी, अहो, ताई म्हणाली..."

"ताई म्हणाली ते मी ऐकलं. आता माझं ऐका. बायको मी आहे त्याची. त्यानं मला सांगितलंय, मी त्याला शब्द दिलाय. आज मला कुणी बस म्हटलं ना, तर या खोलीत असा तमाशा करीन की गाव वर्षभर दुसरं काही बोलणार नाही!"

अशा जागी कुणी आवाज चढवत नाही. सगळे जमिनीकडे बघायला लागले. मित्सुहारुनं काड्या दिल्या आणि, खरं सांगायचं तर, त्याचा जीव भांड्यात पडला. त्यालाही ते नकोच होतं.

पायांपासून सुरुवात झाली. दोघादोघांनी मिळून एकेक अस्थी धरायची आणि कलशात ठेवायची. पावलं, गुडघे, फासळ्या. चटईवर गुडघा रोवून सुई ओढायचा, तो गुडघा. शेवटी हातमोजेवाल्यानं ते लहानसं हाड पुढे केलं. नेरिसनं ते एका बाजूनं धरलं. दुसऱ्या बाजूनं तोकिकोनं.

तोकिकोच्या काड्या लटलटत होत्या. अर्ध्या वाटेवर त्या निसटल्या, हाड कलंडलं, कुणाच्या तरी तोंडून 'अरे' निघालं. नेरिसच्या काड्या हलल्या नाहीत. तिनं एकटीनं ते तोलून धरलं, कलशाशी नेलं आणि हळूच बसवलं. देव्हाऱ्यात मूर्ती बसवावी तसं, सरळ.

"वा!" साकुतारो काकांचा खडा आवाज खोलीभर घुमला. "परदेशी असून काड्या काय सुरेख धरते ही!"

नेरिसनं डोळे मिटले. इथंही? आत्ताही?

"गप्प बसा काका!" किंचाळली ती तोकिको. "सव्वीस वर्षं आपल्या घरात जेवतेय ती! धरणार नाही तर काय? बायको आहे त्याची! घरातली आहे!" आणि ती तोंडावर बाही दाबून हुंदके द्यायला लागली.

"काय? काय म्हणाली तोकिको?" काकांनी कानामागे हात धरला.

नेरिस वाकली आणि त्यांच्या कानात ओरडली, "घरातली आहे म्हणाल्या! मी! घरातली!"

राग उतरायला हवा होता. पण तो पुन्हा उफाळून आला. ती तोकिकोकडे वळली.

"म्हणजे येत होतं तुम्हाला हे बोलायला, वन्सं," ती म्हणाली. "तो ऐकायला होता, तेव्हा एकदा बोलला असतात तर तुमचं काय जात होतं?"

नेरिसनं कलशावर झाकण ठेवलं, पांढऱ्या फडक्याची गाठ आपल्या हातानं मारली आणि कलश उचलून छातीशी धरला. या वेळी कुणी म्हणालं नाही, की जड आहे, दे इकडे.