साध्या पाण्याच्या डिशमधली मादी

डिशचं झाकण किंचित तिरकं बसलेलं दिसलं आणि धाकटी फळीकडे धावली. प्रयोगशाळेत ती सगळ्यांत नवी, म्हणून तिला सगळे धाकटीच म्हणत. रक्त पिऊन टम्म फुगलेल्या गोचिडीच्या माद्या झाडपाल्याच्या अर्कात बुडवायच्या आणि त्या अंडी घालतात का, घातलीच तर ती उबतात का, हे पाहायचं, असं तिचं काम. अर्कातल्या माद्यांची अंडी सुरकुतून जात. तुलनेसाठी काही माद्या नुसत्या पाण्यात बुडवलेल्या असत. त्यांची अंडी मात्र हमखास उबत.

आणि घाईघाईत मोजलं, तर नेमकी त्या पाण्याच्याच डिशमधली एक मादी गायब होती.

तिने फळी चाचपली, टेबलाखाली वाकून पाहिलं. मग नजर भिंतीवरच्या खिळ्याकडे गेली. काल तिचा स्वेटर तिथेच, डिशला खेटून लटकत होता, आणि संध्याकाळी तोच घालून ती घरी गेली होती.

तिने घरी फोन लावला. "माझा राखाडी स्वेटर कुठंय?"

"चिमीच्या अंगावर," नवरा म्हणाला. "झोपलीय तुझी लेक. का गं, विकायला काढलास की काय?"

"काढ तो! आधी काढ! आणि झटकू नकोस!"

स्कूटर चालवताना ती स्वतःला बजावत होती: पोट भरलेली मादी पुन्हा चावत नाही, ती फक्त अंधारी फट शोधते. हे तिला तोंडपाठ होतं. पण त्या फटीत ती हजारो अंडी घालते, हेही पाठ होतं, आणि त्यांतून निघणारी पिल्लं उपाशी असतात.

नवऱ्याने स्वेटर बादलीत टाकून वर ताट झाकलं होतं. आता तो थट्टा करत नव्हता. तिने चिमट्याने एकेक घडी उलगडली. खिशाच्या शिवणीत मादी सापडली, वाटाण्याएवढी, जिवंत. तिच्यापुढे तपकिरी, चकचकीत, खसखशीएवढ्या अंड्यांचा पुंजका.

"आता हे उबणार?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"उबलं असतं." तिने मादीसकट पुंजका स्पिरिटच्या बाटलीत टाकला. मग स्वेटरवर उकळतं पाणी ओतलं.

तेवढ्यात प्रयोगशाळेतून बाईंचा, म्हणजे तिच्या वरिष्ठांचा फोन आला. "मी सगळ्या डिशमधल्या माद्या मोजल्या. तुझ्या त्या पाण्याच्या डिशमधल्या दोन कमी आहेत गं."

धाकटीला पुढचं ऐकूच येईना. तिने चिमीला उचललं, खिडकीशी नेलं, कपडे उतरवले. कानामागे, बगलेत, बोटांच्या बेचक्यांत पाहिलं. चिमी गुदगुल्या होऊन खिदळत होती आणि हिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नवऱ्याने पलंगावरची गादी उलटी केली.

फोन पुन्हा वाजला. "सापडली बाई! दुसरी डिशमधल्याच टिपकागदाखाली मरून पडलीय. ऐकतेयस ना?"

"हो," धाकटी म्हणाली. तिची बोटं चिमीच्या केसांतून पुन्हा पहिल्यापासून फिरायला लागली होती.