घरचं माणूस

हिशेबवालीला रुग्णालयाच्या त्या प्रयोगात बोलावलं तेव्हा निम्मे रुग्ण बरे होऊन घरी गेलेसुद्धा होते. ह्या डॉक्टरांची रीतच ती. आधी उपचार ठरवायचे, माणसं निवडायची, सगळं सुरू करून बसायचं, आणि मग कुणाला तरी आठवतं की अरे, खर्चाचं कोण बघणार? मग हिला धरून आणायचं आणि म्हणायचं, जरा बघून द्या.

प्रयोग साधा होता. खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी माणसं. शस्त्रक्रियेनंतर काहींना नेहमीसारखं वॉर्डात ठेवायचं, काहींना तिसऱ्या दिवशीच घरी धाडायचं. घरी धाडणं स्वस्त पडलं, की सगळ्यांना तोच नियम. आणि स्वस्त पडणारच, कारण ह्यांचं मोजमाप रुग्णालयाच्या फाटकाशी संपत होतं. पुढे घरी गेलेल्या म्हातारीला उचलायचं कुणी, धुवायचं कुणी, त्याचं नाव नाही. हिने घरोघर फोन करून तेवढंच विचारलं आणि हिशेबात धरलं. बचत पार आटून गेली.

त्यात हिच्या धाकट्या बहिणीची सासू त्याच वॉर्डात, शस्त्रक्रियेची वाट बघत पडलेली. बहीण छापखान्यात यंत्र चालवायची. रजा सगळी संपलेली. नियम झाला तर तिची नोकरी गेलीच म्हणायची.

बैठकीत मोठ्या डॉक्टरांनी हिचा कागद बोटाने बाजूला सारला.

"घरच्यांच्या वेळेला कसले पैसे लावता? घरचं माणूस ते, करणारच."

"तुमच्या आईंचंही हाड मोडलं होतं ना? त्यांचं कोण करतं?" हिने विचारलं.

"दोन बायका ठेवल्यात."

"पगारी?"

"मग काय, फुकट कोण करेल?"

एवढं बोलून गृहस्थाने बिस्किटाला हात घातला. लाज म्हणून काही असते की नाही माणसाला? शेजारी प्रयोगाची आकडेमोड करणारा आकडेवाला बसला होता, नंदीबैलासारखी मान हलवत. हिला अक्षरशः शिसारी आली.

"तो खर्च हिशेबातून काढायचा असेल, तर अहवालातून माझं नावही काढा."

"बरं," डॉक्टर म्हणाले. हिला वाटलं होतं, निदान दोन शब्दांनी अडवतील.

उरलेलं काम आकडेवाल्याने जेवणाच्या सुट्टीआधीच उरकलं. नियम तर तयारच होता, त्याच आठवड्यात लागू झाला.

सासूबाईंना सोडायच्या दिवशी ही वॉर्डात गेली. बहीण पिशवी भरत होती.

"सोडलं गं काम. मालक तरी किती थांबणार?"

तेवढ्यात मोठे डॉक्टर फेरीवर आले. त्यांनी म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवला. "नशीब काढलंत आजी. अशी सून घरात असली की आम्हाला काळजी नाही."

ते मनापासून बोलत होते. ह्याचीच हिला सगळ्यात जास्त किळस आली.

बहीण लाजली, खूशही झाली. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळल्यावर ती हिच्या कानाशी लागली.

"किती चांगले आहेत गं हे डॉक्टर."