एका रेषेतले खिळे

सकाळी सव्वाअकरा वाजता खलीलने जुन्या मोटारीच्या डाव्या दाराचा पत्रा उतरवला. आतल्या सागवानी चौकटीची खालची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरली होती. चीर बरोबर खिळ्यांच्या रांगेतून गेली होती. बावीस खिळे, एका रेषेत. सगळे त्याच्याच हातचे.

कशेळीच्या त्या गॅरेजात पत्राकाम खलीलकडे होतं आणि लाकूडकाम हिरामणकडे. अशा गाड्यांचा सांगाडा लाकडाचा. त्यावर पत्रा बसवायचा, कड चौकटीवर मुडपायची आणि बारीक खिळ्यांनी ठोकायची. हे दार ठोकतानाच हिरामणने बजावलं होतं, "खलीलभाय, आधी भोक पाड. आन् खिळा एक वर, एक खाली. लाकडाची रेघ धरून मारशील तं फाटंल."

"तीस वर्षं पत्रा ठोकतोय मी. तू आपला रंधा सांभाळ, सुतार!" खलील म्हणाला होता. सगळे हसले होते. हिरामणसुद्धा.

महिन्याभरात दार लोंबलं. मालक देवेशने पत्रा न उघडताच निकाल दिला, "लाकूड कच्चं होतं." हिरामणने खलीलकडे पाहिलं. खलील घासलेलीच कड कानशीने पुन्हा घासत राहिला. त्याच संध्याकाळी हिरामण हत्यारांची पिशवी खांद्याला लावून गेला.

आज देवेश मागे येऊन उभा राहिला तेव्हा खलीलने घाईने चिरेवर फडकं टाकलं.

"कच्चंच निघालं ना, खलीलभाई?"

"हं."

एवढंच बोलला आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दुपारी त्याने डबा उघडला नाही. तीन वाजता पट्टी सोडवली, त्याच फडक्यात बांधली आणि पडघ्याची गाडी धरली. हिरामणचं गाव तिथून पुढे दोन मैलांवर.

अंगणात हिरामणची बायको ललिता तांदूळ निवडत होती. तिने त्याला ओळखलं.

"गॅरेजवाले ना तुमी? आमचं लाकूड कच्चं ठरवणारे?"

"हिरामण आहे?" खलीलने जमिनीकडे बघत विचारलं.

"न्हाय. गोदामात खोकी उचलाया जातात आता. नाव खराब झाल्यावर सुताराला कोण बोलवतंय? बसा, चाय टाकते."

साडेसात वाजले. चहावर साय धरली होती. खलील ओट्यावर बसून होता, मांडीवरच्या फडक्याची गाठ त्याने सोडली नव्हती. हिरामण अजून आला नव्हता.