बोल्टवरचं गंध

चंद्रमौलीरावांनी ती बंदूक तीन दिवसांत सात वेळा उघडली होती आणि तिला आठ वेळा शिव्या घातल्या होत्या.

बंदूक सब-कलेक्टर साहेबाची. अमेरिकेहून आलेली, आपली आपण भरणारी. गोळी सुटली की बोल्टनं, म्हणजे आतल्या सरकत्या दट्ट्यानं, झटक्यात मागं जायचं, रिकामी पुंगळी उजवीकडं भिरकावायची आणि येताना पुढचं काडतूस आत घ्यायचं. पण पुंगळी भिरकावली जातच नव्हती, पायाशी ओघळत होती. शुक्रवारी ती साहेबासमोर दहा हात उडाली नाही, तर बंदूकदुरुस्तीचं संपत आलेलं लायसन नवं होणार नव्हतं. मग उरणार कुलपं आणि भजनी मंडळींच्या पेट्या. आणि पेटीवाल्यांना तर मतं असतात.

गुरुवारी सकाळी आटलेल्या कावेरीच्या वाळूत त्यांनी चाप ओढला. साक्षीला साहेबाचा शिपाई रामलिंग होता. रावांना तो तमिळ वळणानं 'रायर' म्हणे.

"किती?"

"दीड हात, रायरे. काल दोन होतं."

"नीट मोज!"

"मोजायचं काय त्यात? माझ्या अंगठ्यावर पडलीय."

पुंगळी ओढणारा आकडा रावांनी नवा घडवला होता. स्प्रिंग बदलली होती. काडतुसं सादळली असतील म्हणून दुसऱ्या खोक्यातली आणली होती. तेल घट्ट असेल म्हणून पुसून काढलं होतं. दुकानात बोल्ट लोण्यासारखा सरकायचा, वाळूत आला की अडायचा. बंदुकीला नदी मानवत नसावी, या निष्कर्षापर्यंत ते आले होते.

दुपारी त्यांनी ती पुन्हा उघडली, पुसली, सरकवून पाहिली. लोणी.

"अहो, गंध उगाळलंय," भुवनेश्वरीबाई आतून म्हणाल्या. "आज जरा जास्तच उगाळलं. बंदुकीला गुण येईना म्हणून."

रावांचे पूर्वज तंजावरच्या राजांच्या शस्त्रागारात होते. दुरुस्त झालेलं हत्यार गंध लावल्याशिवाय उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, ही तिथली रीत. आणि लावायचं ते काम करणाऱ्या जागी. तलवारीच्या पात्याला, हातोड्याच्या तोंडाला. या बंदुकीत काम करतो तो बोल्ट. रावांनी बोल्टवर चार बोटं गंध ओढलं, हात जोडले, बंदूक मिटली आणि नदीवर गेले.

पुंगळी या वेळी उडालीच नाही. अर्धी बाहेर येऊन थबकली. रामलिंगानं ती चिमटीत धरून उपसली आणि उन्हात फिरवून पाहिली.

"रायरे, ही आंघोळ-संध्या करून आलीय."

पुंगळीवर चंदनाचा ठसठशीत पट्टा होता.

रावांनी बोल्ट ओढला. आत खोबणीभर चंदन वाळून खरवडीसारखं चिकटलं होतं. दर वेळी त्यांनी ते स्वतः पुसलं होतं, मळ म्हणून. आणि दर वेळी स्वतःच भरलं होतं. ते वाळूत बसले.

"कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले.

"सांगून कोण खरं मानणार?"

शुक्रवारी गंध लागलं ते लाकडी दस्त्याला. साहेबानं बंगल्याच्या ओसरीतून नदीकाठच्या बांधावर तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही पुंगळ्या दहा हातांपलीकडं, उजवीकडच्या मेजाच्याही पुढं गेल्या. साहेब खूश. त्यानं मेजाशी बसून लायसनवर चंद्रमौलीरावांचं नाव स्वहस्ते लिहिलं, खाली झोकदार सही केली, आणि शाई वाळेपर्यंत गंमत म्हणून आणखी एक गोळी झाडली.

पुंगळी सुरेख उडाली. खांबावर आपटून मागं आली, मेजावर पडली, ओल्या नावावरून गडगडत गेली आणि जाताना चंद्रमौलीरावांना सोबत घेऊन कागदाच्या कडेपर्यंत गेली. नावाच्या जागी लांब निळी शेपटी उरली.

"कोरा फॉर्म तंजावरहून मागवावा लागेल," साहेब म्हणाला. "तीन महिने. तोवर बंदुकांचं काम बंद. बंदूक मात्र झकास झाली हं."

रामलिंग रावांच्या कानाशी वाकला.

"रायरे, कालचं थोडं गंध बोल्टवर ठेवायला हवं होतं."